सही करायच्या आधी

प्रिय सुमे,

पत्र मिळालं. दिवाळीला आलीस की दुय्यम निबंधकाकडे एकदा चक्कर मारू, बाबांच्या जमिनीतला हिस्सा सोडणाऱ्या हक्कसोडीवर सही करून टाक, असं दादा म्हणतोय आणि तू विचारतेस, करू का? माझं उत्तर आधीच लिहिते, म्हणजे पुढचं सावकाश वाचशील. करू नकोस. निदान या दिवाळीत तरी नको.

तू लिहितेस, ‘मी पुण्यात, वावरात कधी उतरले नाही, मला कशाला हवाय हिस्सा?’ अगं, तू नाही उतरलीस, पण मावशी, तुझी आई, उतरल्या होत्या ना! मावशींनी बी टोबलं, निंदलं, वेचलं. काका, तुझे बाबा, बाजार समितीत हिशेब करायचे आणि विक्रीची पट्टी त्यांच्या नावाने निघायची. मावशींचं नाव त्या जमिनीच्या कुठल्या कागदावर होतं सांग बरं?

सध्या इकडे कापसाची वेचणी जोरात आहे. किलोमागे दहा-बारा रुपये चाललेत. पहिल्या वेचणीला बोंडं टपोरी फुटलेली असतात, तेव्हा चपळ बाई संध्याकाळपर्यंत चाळीस-पन्नास किलो करते. शेवटच्या वेचणीला त्याच बाईची झोळी दिवसभर फिरूनही भरत नाही, आणि दर मात्र वाढतो तो रुपया-दोन रुपयेच. दंव सुकायच्या आत वेचलं तर कापूस ओला, वजन जास्त भरतं, म्हणून मालक ऊन चढायची वाट बघायला लावतो. मालकाचंही खोटं नाही. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, त्यातले हजार-बाराशे नुसत्या वेचणीत जातात, आणि हमीभावाच्या केंद्रावर माल लागेल तेव्हा खरं. तरी संध्याकाळी बांधावर काटा टांगला की बाया आकड्यावरून नजर हलवत नाहीत. बघण्यासारखं असतं ते.

पावसाळ्यातलं निंदणं तर जवळजवळ गेलंच. तणनाशक मारलं तरी पीक मरत नाही असं, परवानगी नसलेलं बियाणं सर्रास मिळतं. एक गडी पाठीवर पंप घेऊन सकाळभरात जे उरकतो, त्यात पूर्वी दहा-बारा बायांचे काही दिवस जायचे. औषध मारणं हे पुरुषाचं काम, रोजही पुरुषाचा. यंत्राने बायांचे कष्ट वाचवले असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. कष्टाबरोबर रोजही वाचवला, तो कुणाचा? नंदुरबारकडून दिवाळीनंतर गुजरातेत उसाला जाणाऱ्यांचं तर विचारूच नकोस. नवरा-बायको मिळून तोडणीचा एकच ‘कोयता’ मोजतात, आणि आगाऊ मिळणारी उचल नवऱ्याच्या हातात.

आता कागदाचं. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे सोसायटीचं पीककर्ज नाही, पीएम किसानचे वर्षाचे 6000 नाहीत. बाई शेतात राबते, पण सरकारदरबारी ती शेतकरी नाही, शेतकऱ्याची बायको. देशभरात शेतीची खाती बायकांच्या नावावर आहेत ती सुमारे 14 टक्के. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1986 साली चांदवडला बायकांचं अधिवेशन भरवलं, पुढे लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे नवऱ्याने बायकोच्या नावे जमीन करण्याची, हाक दिली, 1992 मध्ये बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचा सरकारी निर्णयही निघाला. पण नवऱ्याने मनावर घेतलं तर! आमच्याकडे घेतलेलं नाही. मी दोनदा विषय काढला. ‘तुझंच तर आहे सगळं,’ हे उत्तर मिळतं. यावर काय बोलायचं ते तू मला शिकव.

कायदा तुझ्या बाजूने आहे. वडिलोपार्जित जमिनीत लेकींना मुलाइतका हक्क देणारा 1994 चा राज्याचा कायदा आला तेव्हा आपली लग्नं झालेली होती, म्हणून आपण बाहेर राहिलो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. वडील त्याआधी वारले असतील तर काय, हा घोळ पुढे बरीच वर्षं चालला, तो 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटवला. मुलीचा हक्क जन्माने, वडील दुरुस्तीच्या तारखेला हयात असण्याची गरज नाही.

पण तुझी अडचण कायद्याची नाहीच, मला कळतं. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी जाण्याची, आहे. माहेरी झोका बांधला जातो, खापरावरचे मांडे होतात, आणि त्या घराचं दार भावजयीच्या हातात असतं. माझ्या मोठ्या नणंदेने सही केली तेव्हा मी विचारलं होतं, मनापासून करताय ना? त्या म्हणाल्या, “वावर लिसन काय करू? भाऊ तुटी जाई.” भाऊ तुटू नये म्हणून जमीन सोडायची, हा सौदा बहिणीनेच का करायचा? बहीण तुटेल म्हणून भाऊ कधी एक गुंठा सोडतो का? आणि हे मी कुठे बसून लिहितेय? त्याच जमिनीच्या घरात. नणंदांची नावं गेली, माझं काही आलं नाही. भाकरी मात्र मी तिथलीच खाते.

दादा वाईट नाही. कर्ज काढून विहीर त्याने खोदली, मावशींचं दुखणं त्याने आणि वहिनीने काढलं. हे हिशेबात धरच. हिस्सा वाटून नको मागूस, नाव राहू दे म्हण. कसणारा तोच कसेल, पण उद्या जमीन विकायची किंवा गहाण टाकायची झाली तर तुला विचारावं लागेल. आणि जमलं तर म्हण, माझ्याबरोबर वहिनीचंही नाव लाव. त्याचा चेहरा कसा होतो ते मला कळव.

येण्याआधी ऑनलाइन सातबारा काढून बघ. वारसनोंद झालीय का, झाली असेल तर तुझं नाव मालकांच्या रकान्यात आहे की ‘इतर हक्कात’ ढकललंय. लेकींना तिथे बसवायची तलाठ्यांची जुनी खोड आहे. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याची, नोटीस आली तर हरकतीला पंधराच दिवस मिळतात, पाकीट न फोडता ठेवू नकोस.

बिबडे आणि उडदाचे पापड बचत गटाकडून बांधून ठेवलेत. गटाचे म्हणून पैसे द्यावे लागतील, मैत्रीण म्हणून सूट नाही.

तुझी,
शकू