मुक्कामी गाडीचा आवाज

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

रविवारी तुझा फोन आला, दोन मिनिटं बोलणं झालं आणि रेंज गेली. आईनं फोन बराच वेळ कानाला तसाच धरून ठेवला. मग मला विचारते, ‘काय म्हणाला हो तो?’ बोलत होती तीच. पण तुझा आवाज कानात साठवण्याच्या नादात तिच्या ध्यानात शब्दच राहिले नव्हते. म्हणून हा कागद घेऊन बसलोय. फोनवर मला बोलायला सुचत नाही, ते तुला ठाऊक आहे.

तू नेमका कुठं आहेस ते विचारणार नाही. पलटणीत २२ वर्षं काढलेल्या माणसानं ते विचारू नये.

इकडे पाऊस वेळेवर आहे, आलं चांगलं उगवून आलंय. बेंदूर झाला. शिंगं यंदा मी रंगवली. थोरला बैल मला शिंगाला हातच लावू देईना, सारखा मान काढून घेत होता. त्याला तुझ्या हाताची सवय.

तुझी गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. बॅटरी उतरू नये म्हणून दर शनिवारी मी ती पाच मिनिटं चालू ठेवतो. पहिल्या शनिवारी आईला न सांगताच किक मारली. आवाज झाला आणि ती भाकरी टाकून दारात. दोन्ही हात पिठानं भरलेले, पदर कोपरानं सावरलेला. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि एक शब्द न बोलता आत गेली. तव्यावरची भाकरी तोवर करपली होती, ती तिनं आपल्याच ताटात घेतली. आता मी आधी हाक मारून सांगतो, ‘अगं, गाडी चालू करतोय.’ ती ‘करा’ म्हणते. तरी गाडी चालू असेपर्यंत आतनं भाकरी थापल्याचा आवाज येत नाही. इंजिन बंद केलं की मग परत थप थप सुरू होतं.

त्यावरनं मला तुझी आजी आठवली. तू तिला पाहिलं नाहीस.

मी १९८६ ला बेळगावला भरती झालो. तेव्हा आपल्या गावात रात्री साडेआठला साताऱ्याची मुक्कामी एसटी यायची. वडाला वळसा घालताना तिच्या दिव्यांचा झोत आपल्या ओट्यावरनं फिरून जायचा. तुझी आजी जेवण उरकून त्या वेळी ओट्यावर येऊन बसायची. गाडीतनं उतरलेली माणसं आपापल्या घराकडं गेली, रस्ता मोकळा झाला की उठायची. दिवाळीपर्यंत सुट्टी नाही असं मी पत्रात स्पष्ट कळवलेलं असायचं. तरी रोज. सुट्टीवर आलो की थोरली काकू मला हे सांगायची आणि मी आईवर चिडायचो. ‘पत्र वाचून दाखवलं ना गुरुजींनी? मग कशाला बसतेस थंडीत?’ ती म्हणायची, ‘बसले म्हणून काय बिघडलं?’

आणि माझी पत्रं तरी कसली! आंतरदेशीय पत्रावर तीन बाजूंनी लिहायला जागा असायची. मी चार ओळी लिहायचो. ‘मी खुशाल आहे. तुम्ही खुशाल असावे. काळजी करू नये. पत्राचे उत्तर द्यावे.’ बाकी कागद कोरा. गुरुजींचं वाचून झालं तरी ती विचारायची, ‘आणि?’ हेही काकूनंच सांगितलं, पुढं कधीतरी.

१९९४ च्या जानेवारीत आम्ही काश्मिरात तंगधारला होतो. कुपवाड्याकडनं तिकडं जायचं तर साधना टॉप ओलांडावा लागतो, दहा हजार फुटांच्या वर. बर्फ पडला की रस्ता बंद. आई गेल्याची तार पलटणीत आली, साहेबांनी लगेच सुट्टी दिली, पण खाली उतरायला वाटच नव्हती. सहा दिवस मी बर्फ थांबायची वाट बघितली. मग श्रीनगर, तिथनं कॉन्व्हॉयनं जवाहर बोगद्यातनं जम्मू, पुढं झेलम एक्सप्रेसनं पुण्यापर्यंत दोन रात्री. पुणे ते सातारा उभ्यानं आलो आणि साताऱ्यात नेमकी तीच मुक्कामी गाडी मिळाली. तेराव्याच्या आदल्या रात्री उतरलो. गाडीनं वडाला वळसा घातला, झोत ओट्यावरनं फिरला. ओट्यावर कुणी नव्हतं. बाळा, आई गेली हे मला तारेनं कळलं नव्हतं, ते त्या घटकेला कळलं.

एवढी वर्षं मी समजत होतो की घराची ओढ काय असते ते फौजीलाच ठाऊक. आम्हालाही घर आठवायचं, नाही असं नाही. रात्रीच्या पहाऱ्यावर तर फार. पण पहाटे कुणीतरी चहाचा मग हातात द्यायचा, लगेच बर्फ उपसायला जायचं, दिवस निघून जायचा. सोडून जाणारा कायम मीच. मागं राहून बघायची वेळ कधी आलीच नव्हती. ती आता आली. तुझी चप्पल दाराशी आहे, न्हाणीत तुझा साबण अर्धा झिजलेला आहे, तो काढून टाक म्हटलं तर आई ऐकत नाही. खरं सांगायचं तर मीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही. आणि मुक्कामी गाडी अजून येते. तुझी सुट्टी दिवाळीशिवाय नाही, हे मला तिथल्या क्लार्कइतकंच पक्कं माहीत आहे. तरी साडेआठला मी ओट्यावर असतो. आईनं अजून एकदाही विचारलं नाही की कशाला बसता.

परत ये म्हणून हे लिहीत नाही. मन लावून नोकरी कर, वरिष्ठांचं ऐक, पायमोजे ओले ठेवू नकोस.

फक्त एक कर. फोन करतोसच, पण महिन्यातनं एक पत्र कागदावर लिहीत जा. चार ओळींचं नको. शेजारच्या खाटेवरचा कोण, कुठला, लंगरमध्ये जेवायला काय असतं, तिकडचं आभाळ कसं दिसतं, सगळं लिही. कागद भरून लिही. आणि वर नाव माझं टाकू नकोस, आईचं टाक. पोस्टमन दारात येऊन तिच्या नावानं हाक मारेल, ती तिला ऐकू दे.

तुझे,
आप्पा