काका, त्या कॅसेटमध्ये काय होतं ते सांगायचं राहिलं

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही दुरुस्त करून दिलेली कॅसेट चालली, एवढंच फोनवर सांगू शकलो. पुढे बोलवलं नाही, गळा दाटून आला होता. म्हणून हे पत्र, आणि ते उघड लिहितो आहे. तुमचं नाव छापलेलं तुम्हाला रुचणार नाही. आर्वीच्या बाजारात रेडिओ-टेप दुरुस्त करणारे काका म्हटलं की आमच्या भागात कोणालाही कळेल.

लकवा मारल्यापासून दादाची वाचा गेली, उजवा हात गेला. समजतं सगळं. पेटीतून ही एका अमेरिकन बँडच्या मैफलीची कॅसेट काढून तो मांडीवर घेऊन बसायचा. आतल्या फितीला बुरशी लागलेली, वेटोळी एकमेकांना चिकटलेली. तीच मैफल २०१७ साली रीतसर बाजारात आली, मोबाइलवर मिळते, आवाजही जास्त स्वच्छ आहे. ती लावून दिली की दादा मान फिरवायचा. त्याला स्वतःची कॅसेट हवी होती, जिच्या कागदावर कॉलेजात असताना त्याने त्याच उजव्या हाताने ‘८-५-७७’ लिहिलं आहे.

तुमच्याकडे येण्याआधी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. तिथल्या माणसाने झाकणही न उघडता ती काउंटरवर टाकली. ‘नेटवर मिळते न, हे फेकून द्या.’ दुसऱ्या एकाने पावसाळाभर ठेवून घेतली आणि हात न लावता परत दिली. काम जमत नाही म्हणाले असते तर काही वाटलं नसतं. पण दुसऱ्याच्या जिवाच्या वस्तूला कचरा म्हणायची हिंमत माणसाला कुठून येते?

तुम्ही ती दोन्ही हातांनी घेतलीत. ‘ठेवून जा जी. पायतो मी. पन घाई नोका करू.’

आणि परत देताना सोबत कागदाची एक पुडी दिलीत. आत बोटभर लांबीची फीत होती. ‘एवढी पार खराब झाली होती, कापाच लागली. तुमची हाय, तुमच्याजवळ राहू द्या.’

काका, कॅसेट सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर धावते. म्हणजे ती दीड सेकंदाची फीत. तुम्ही ती झाडून टाकली असती तर मला कळलंही नसतं, मी कधी विचारलंही नसतं. वाजण्याच्या कामाची ती राहिलीच नव्हती. तरी ती आमची आहे, हे तुम्ही धरून चाललात. हिशेबात सचोटीची माणसं मी पाहिली आहेत. जिथे कोणी हिशेब मागणारच नाही तिथेही सचोटी ठेवणारी फार थोडी भेटली, आणि ती बहुतेक अशाच छोट्या दुकानांत.

आता त्यात काय आहे ते ऐका. ग्रेटफुल डेड हा अमेरिकेतला सायकेडेलिक, म्हणजे गुंगवून टाकणाऱ्या संगीताचा, रॉक बँड. ८ मे १९७७ ला न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये तो वाजला. आपल्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं, तिथे त्या रात्री लोक बाहेर पडले तर बर्फ पडत होतं. रेकॉर्डिंग केलं बेटी कँटर-जॅक्सन या बाईंनी. इतकं नितळ, की प्रत्येक वाद्य वेगळं काढून ऐकावं. त्या बाईंच्या टेप ज्या गोदामात होत्या त्याचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये सगळा साठा लिलावात गेला. पुढे त्यातल्या कित्येक टेपना ओल लागली, आणि वेड असलेल्या माणसांनी त्या बसून सावरल्या. अगदी तुमचंच काम, काका. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादीत ही मैफल घेतली आहे.

हा बँड लोकांना मैफली रेकॉर्ड करू द्यायचा, आपसात वाटूही द्यायचा. फक्त पैसे कमवायचे नाहीत. म्हणून तर नक्कलेची नक्कल होत होत ती नागपुरातल्या एका होस्टेलच्या खोलीपर्यंत, दादापर्यंत पोचली.

तुम्ही म्हणालात, ‘बोल काही समजले नाही, पन ढोल वाजवनारे दोघं हायेत का?’ हो, दोघं! बिल क्रॉइट्झमन आणि मिकी हार्ट. मी वर्षानुवर्षं ऐकूनही दादाने सांगेपर्यंत मला ते उमगलं नव्हतं. ‘स्कार्लेट बिगोनियाज’ संपतं कुठे आणि ‘फायर ऑन द माउंटन’ सुरू होतं कुठे हे कळू न देता ते दोघं पंचवीस मिनिटं ताल धरून ठेवतात. वर जेरी गार्सियाची गिटार, कसलीही घाई नसलेली. फिल लेशचा बेस नुसता ठेका धरत नाही, मध्येच वेगळी वाट काढतो आणि बरोबर जागेवर येऊन भेटतो. हे सगळं समोर लोक उभे असताना, त्या क्षणी सुचत गेलेलं आहे. कितीही ऐका, पुढच्या वळणाची उत्सुकता राहतेच.

तुमचा जोड नेमका ‘फायर’मध्ये येतो. आवाज किंचित उडी मारतो. दादाने पहिल्याच वेळी डावा हात वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुडी उघडून त्याच्या तळहातावर ठेवली. फीत बघितली, आणि काका, तो हसला. आवाज काढून हसला. वहिनी चूल सोडून धावत आली.

दुसरी बाजू तुम्ही तपासण्यापुरतीच ऐकलीत म्हणालात. तिच्या शेवटी ‘मॉर्निंग ड्यू’ आहे, अणुयुद्धानंतर उरलेल्या माणसांचं गाणं. अगदी हळू सुरू होतं आणि शेवटी गार्सिया गिटारवर असा चढत जातो की अंगावर काटा येतो. ते पूर्ण ऐकायला या. कापूस घरात आला की एखाद्या रविवारी, काकूंना घेऊन. वहिनी वांग्याचं भरीत आणि भाकरी करणार आहे. आमच्या टू-इन-वनचा बेल्ट थोडा सैल झाला आहे, पण पेचकस घरीच ठेवा, त्या दिवशी तुम्ही पाहुणे आहात.