टायरॉड घरी बदला, पण अलाइनमेंट सोडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्याकडच्या पांदण रस्त्यांवर टायरॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, टिकतच नाही, वरचा रबर बूट फाटला की काळी माती अन् पाणी आत शिरते, ग्रीस निघून जाते अन् मग खड्डा आला की खडखड. मारुती ८०० कंपनीनं २०१४ मधे बंद केली पण खेड्यात अजून पळतेच ना, म्हणून बरेच जण हे काम अंगणातच करतात. करा ना, काही बिघडत नाही! फक्त नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली घुसू नका राजेहो, स्टँड लावा.

चाक उचलून घड्याळातल्या ३ अन् ९ च्या जागी धरून हलवा, प्ले (ढिलेपणा) लागला तर दुसऱ्याला जॉइंटवर बोट ठेवायला सांगा, तिथंच कळते. जुना एंड खोलताना किती आटे फिरले ते मोजा अन् नवा तितकेच आटे चढवा, एंड जागेवर पक्का धरणारा लॉकनट आवळा, नट सुटू नये म्हणून असते ती स्प्लिट पिन मात्र नवीनच घाला, जुनी वाकवून परत घालायची चिंगूसगिरी कशाला?

आटे मोजले तरी टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळली ते, अंदाजानंच बसतो, मशीनवर चाकं नीट रेषेत लावून घ्यायची अलाइनमेंट करावीच लागते नाहीतर नवा टायर एका बाजूनं घासून जाते. पण मशीन जवळपास कुठं आहे, लोक तशीच गाडी पळवतात. आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडच्या पोरांनी बाजाराच्या दिवशी स्टेअरिंग तपासून दिलं तर लय बरं होईल, पोरांचा हातही बसेल. तेवढं छापा.

— एक वाचक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)