डीपफेकच्या प्रदर्शनात रंगपटही उघडा ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डीपफेक (यंत्राकडून बनवून घेतलेले, खऱ्यासारखे वाटणारे खोटे चेहरे आणि आवाज) आणि खोट्या बातम्या या विषयावरची कलाप्रदर्शने परदेशात आता नवी राहिलेली नाहीत. सांगली-मिरजेत एखादे महाविद्यालय किंवा कलासंस्था असे काही भरवणार असेल, तर नटनट्यांचे चेहरे बदलून ‘ओळखा पाहू’चा खेळ कृपया मांडू नये. बघणारा तोंडात बोट घालतो आणि आला तसा घरी जातो.

अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील कलाकारांनी २०१९ साली केलेली एक मांडणी पाहण्यासारखी आहे. साठच्या दशकातली बैठकीची खोली, त्यात जुना टीव्ही, आणि टीव्हीवर चांद्रवीर परत येणार नाहीत असे सांगणारे अध्यक्ष निक्सन. हे भाषण जुलै १९६९ मध्ये खरोखरच लिहून ठेवले होते, वाचायची वेळ आली नाही. कलाकारांनी ते एका नटाकडून बोलून घेतले, त्याचा आवाज निक्सनच्या आवाजात उतरवला आणि १९७४च्या राजीनाम्याच्या भाषणातील निक्सनच्या ओठांची हालचाल तेवढी बदलली. मुख्य म्हणजे, हे सगळे कसे केले तेही लोकांपुढे ठेवले. विष्णुदास भाव्यांच्या गावाला सोंग नवे नाही. रंगपट दाखवायला तरी आपण का लाजावे?

आपल्याकडे मात्र माणसे मारली गेली ती साध्या कात्रीमुळे. कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी चित्रफीत केली होती: दुचाकीवरचे दोघे मूल उचलतात, परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. शेवट कापलेला तुकडा २०१८ मध्ये ‘मुले पळवणारी टोळी’ म्हणून भारतभर फिरला. अशाच अफवांच्या त्या दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. त्यांतले बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याकडचे. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा गावात चार साधूंनी याच संशयापायी काठ्या खाल्ल्या. म्हणून पहिल्या दालनात दोन पडदे हवेत: समोर कापलेली फीत, आणि चार पावले पुढे, आडोशामागे, पूर्ण फीत. मधली चार पावले माणसाला एकट्याने चालू द्यावीत, तिथे स्वयंसेवक नको.

दुसरे दालन आवाजाचे. तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज उतरवता येतो, हे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३ मध्येच दाखवले. तो हेडफोनवर ऐकवला तर कच्चे दुवे थोडे तरी कळतात. तोच आवाज जुन्या पद्धतीच्या साध्या कॉलवरून ऐकवावा. तिथे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, त्यामुळे यंत्राची खरखर आणि माणसाचा श्वास दोन्ही बुजतात. ओळखीच्या आवाजात पैसे मागणाऱ्या भामट्याच्या ते पथ्यावरच पडते. मराठीत एक गंमत आहे: ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च लिपीत सारखे, उच्चारात वेगळे, मजकूर वाचणारे यंत्र तिथे अडखळू शकते. पण ही चूक उद्या दुरुस्त होईल, तिच्या भरवशावर राहू नये. २०१८ मध्ये ‘डीपफेकमधला माणूस पापण्या मिटत नाही’ असे सांगितले जाई, कारण यंत्राला शिकवलेल्या छायाचित्रांत मिटलेले डोळे क्वचितच असत. काही महिन्यांतच त्या पापण्या मिटू लागल्या. ‘ओळखण्याच्या दहा खुणा’ असा फलक म्हणूनच लावू नये. तो शिळा होतो आणि लोकांना फाजील आत्मविश्वास देऊन जातो.

त्याऐवजी टेबलावर फोन ठेवून शोध घ्यायला शिकवावे. चित्रफितीतली तीन-चार दृश्ये थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचे, शक्यतो दुकानाची पाटी किंवा वाहनाचा क्रमांक दिसतो तिथले. वरची-खालची मजकुराची पट्टी आधी कापायची, नाहीतर शोध त्या पट्टीवरच अडकतो. मग गूगल लेन्स, म्हणजे चित्रावरून शोध. काहीच सापडले नाही तर चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटवून पुन्हा शोधायचे. पाटीवरची अक्षरे उलटी दिसत असतील तर ते आधीच करावे.

आयोजकांचा हमखास होणारा घोटाळा वेगळाच आहे. लोक प्रदर्शनातल्या फितीचे मोबाइलवर चित्रण करतात, आणि संध्याकाळपर्यंत ती खरी म्हणून गटागटांत फिरते. कोपऱ्यातली ‘बनावट’ ही सूचना कापायला दोन सेकंद पुरतात. ती चेहऱ्यावरूनच आडवी, अर्धपारदर्शक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवी. चेहरा लेखी संमती दिलेल्या माणसाचाच वापरावा. गावातल्या पुढाऱ्याचा तर गमतीनेही नको.

आणि पैसे गेल्यास लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, हा फलक बाहेरच्या दाराशी लावू नये. तिथे लोक चपला शोधत असतात. तो आवाजाच्या टेबलावर, फोनच्या शेजारीच असावा.

— दृश्यसंकलन क्षेत्रातील दोन वाचक,
विश्रामबाग, सांगली