हयातीचा दाखला

मा. मंत्रिमहोदय,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य

सस्नेह नमस्कार.

मी वनहक्काच्या कामात आहे, त्यामुळे माझा पत्रव्यवहार एरवी महसूल, वन आणि आदिवासी विकास या खात्यांशी चालतो. आपल्या खात्याशी गाठ पडते ती वर्षातून एकदा, हयातीच्या दाखल्यापुरती. श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे निराधार म्हाताऱ्यांच्या महिन्याच्या मदतीचे, पैसे चालू राहावेत म्हणून पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना जीपने तालुक्याला न्यायचं, दिवसभर ओळीत बसवायचं आणि त्या जिवंत आहेत असं लिहून घ्यायचं. गेल्या खेपेला त्यातल्या एका आजीचा अंगठा मशीनवर जुळेना. आयुष्यभर लाकूड फोडलं, भात लावला, दळण दळलं. रेषा राहणार कुठून? खिडकीतला मुलगा वाईट नव्हता. "आजी, हात धुऊन या," म्हणाला. ती तीनदा धुऊन आली.

त्या आजीबद्दल मला आपल्याला सांगायचं आहे.

जंगलात राहणाऱ्या-कसणाऱ्यांना त्या जमिनीचा हक्क देणारा वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या 2008 च्या नियमांत 13 वा नियम पुराव्यांचा आहे, आणि कागदपत्रांच्या यादीत तिथे एक वेगळी गोष्ट आहे: दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं निवेदन हाही पुरावा धरला जातो. ज्यांची जमीन कधी कुठल्या वहीत चढलीच नाही, त्यांच्यासाठी याहून शहाणं कलम मी पाहिलेलं नाही. आदिवासी कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. बिगर-आदिवासी असेल तर त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास. आता इतक्या वर्षांपूर्वी कोणाचं घर कुठल्या आंब्याखाली होतं, हे सांगणार कोण?

आमच्याकडे ते या आजीने सांगितलं. आम्ही नकाशा आणि जीपीएस घेऊन उभे होतो, ती पुढे चालत होती. पुरुषांना सांगायला लावलं तर ते बांधापासून बांधापर्यंत सांगतात. बायकांचं जंगल निराळं असतं. पाणवठा कुठे होता, तो आटल्यावर कुठल्या झऱ्याला जावं लागलं, मोहाची कोणती झाडं कोणाच्या वाट्याची, बाळंतिणीला लागणारा पाला कुठल्या उतारावर मिळतो, पोरं कुठे पुरली. हे शेवटचं ती चालता चालता, मागे न बघता बोलली. त्या जागेवर आम्ही मशीनमध्ये बिंदू घेतला. शेजारणींना तिने सांगून ठेवलं होतं म्हणून पेट्यांच्या तळातून, लुगड्यांच्या घड्यांतून वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या निघाल्या. ज्या कागदाने गुन्हेगार ठरवलं होतं, तोच ताब्याचा पुरावा झाला. कागद फेकायचा नाही, ही अक्कल अक्षरओळख नसलेल्या बायकांनी दाखवली. आमच्यासारख्या शिकलेल्यांनी ते बिनकामाचे कपटे म्हणून जाळायला सांगितले असते.

तिच्या निवेदनावर शेजारच्या घरांचे दावे उभे राहिले. त्या कामाचे तिला किती मिळाले? काहीच नाही. स्थळपाहणीला आलेल्या कर्मचाऱ्यांना पगार होता, मला संस्थेचं मानधन होतं, जीपवाल्याला भाडं होतं. शेजाऱ्यांच्या 75 वर्षांच्या वास्तव्याची साक्ष जिच्या तोंडी शब्दावर ग्राह्य धरली, तिला स्वतःच्या हयातीसाठी मात्र अंगठा लागतो.

आपल्या दप्तरात ती "लाभार्थी" आहे. माझं भांडण या शब्दाशी आहे, पण आधी रकमेचं बोलून घेते, कारण शब्द बदलून पोट भरत नाही.

2024 साली "लाडकी बहीण" आली. वय 21 ते 65, महिना 1,500 रुपये, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. ती योजना आपल्या खात्याची नाही हे मला ठाऊक आहे. पण पासष्टी ओलांडली की बाई तिकडून सुटते आणि आपल्या दारात येते, श्रावणबाळच्या. रक्कम तीच, 1,500. उत्पन्नाची मर्यादा मात्र 21,000. त्याच वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. घरातल्या एकाने तेव्हाच्या हमीचे शंभर दिवस पुरे भरले तर 29,700 होत. म्हणजे सरकारने आपलीच हमी पाळली, तर त्याच घरातली म्हातारी सरकारच्याच योजनेतून बाद! चौसष्टीत अडीच लाखांपर्यंत गरजू असलेली बाई पासष्टीनंतर एकदम एवढी श्रीमंत कशी होते, हे मला पाड्यावर समजावून सांगता आलेलं नाही. आपण येऊन सांगावं.

आता शब्दाबद्दल. 1972-73 च्या सुमारास शहादा परिसरात भिल्ल बायकांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. तेव्हा विशीत असलेल्या आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यातली एखादी आज आपल्या कार्यालयात आली, तर तिला कुठल्या टेबलाकडे पाठवतील? निराधारच्या. दुसरं टेबलच नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाणं जपलं म्हणून 2020 ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली, याचा आनंदच आहे. पण पद्म एखादीला मिळतं. बाकीच्यांसाठी 8 मार्चची शाल असते. (आमच्या एका आजीकडे चार झाल्या आहेत. पावसाळ्यात शेळीच्या पिलांना उपयोगी पडतात.)

ओडिशा सरकारने 2018 मध्ये कोरापुटच्या कमला पुजारी यांना राज्य नियोजन मंडळावर घेतलं. देशी भाताच्या जाती सांभाळणारी परोजा समाजाची वयस्क बाई, आणि तिला खुर्ची मिळाली ती सत्काराच्या नाही, नियोजनाच्या बैठकीत. आपल्याला हे जमण्यासारखं आहे. तालुक्याच्या पातळीवर निराधार योजनांची जी समिती अर्ज मंजूर-नामंजूर करते, तिच्यात एक जागा अशा बाईची ठेवा. कोणाच्या घरात चूल पेटत नाही हे तिला उत्पन्नाचा दाखला न बघता सांगता येतं. पात्रतेच्या रकान्यात "किमान दहावी" तेवढं लिहू नका. निवेदन द्यायला, हद्द दाखवायला, नव्या पोरींना शिकवायला ती येते, त्या दिवसाचं मानधन आम्हा शिकलेल्यांइतकंच द्या. आणि हयातीच्या नोंदीसाठी आपला माणूस पाड्यावर पाठवा. जनावरं मोजायला येतो, तसा इकडेही येईल.

हे पत्र पाठवण्याआधी मी आजीला वाचून दाखवलं. रकमेचं ती पुन्हा वाच म्हणाली. मग म्हणाली, पोरं पुरल्याची जागा मी सांगितली असं लिहिलंस, ते चूक आहे. ती मला माझ्या सासूने दाखवली होती, लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात. सासूचंही लिही.

लिहिलं आहे.

आपली,
वनहक्काच्या कामातली एक कार्यकर्ती