फॉरमॅट स्ट्रिंगची तपासणी ही आवडीनिवडीची बाब नव्हे

महोदय,

फॉरमॅट स्ट्रिंग, म्हणजे किमती भरायच्या मोकळ्या जागा असलेला संदेशाचा साचा, प्रोग्राम कंपाइल होतानाच (चालण्याआधी कंपायलर त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो तेव्हाच) तपासून घेणे ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे आणि चाचण्या नीट लिहिल्या की तेवढ्याने भागते, असे मत आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेखात मांडले आहे. लेख अभ्यासाने लिहिला आहे, याबद्दल वाद नाही. परंतु हे विधान इतक्या सहजपणे केलेले वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र.

माझे मामा हर्णैला तांडेल आहेत. येथील मच्छीमारांना वाऱ्याचा इशारा मोबाइलवर पाठवण्यासाठी एका संस्थेने बाहेरच्या कंपनीकडून प्रणाली करून घेतली आहे. गेल्या हंगामात, नारळी पौर्णिमा होऊन बोटी नुकत्याच पाण्यात उतरल्या असताना, मामांना संदेश आला: ‘55 पर्यंत ताशी रात्री 10 किलोमीटर वेगाने वारे वाहतील.’ डिझेल भरून झाले होते, बर्फ चढवला होता. एका तरुण खलाशाने संदेश मोठ्याने वाचला आणि ताशी दहा म्हणजे वारा नाहीच, असा त्याचा सरळ अर्थ लावला. मामांना पश्चिमेकडचे आभाळ आवडले नाही, म्हणून त्यांनी बोट थांबवली. इशारा प्रत्यक्षात रात्री 10 पर्यंत ताशी 55 किलोमीटरचा होता.

इंग्रजी वाक्यात वेग आधी आणि वेळ नंतर येते, मराठीत वेळ आधी येते. अनुवाद करणाऱ्याने वाक्य शुद्ध मराठीत लिहिले होते. पण भरायच्या दोन्ही जागा नुसत्या रिकाम्या महिरपी कंसांच्या असल्यामुळे प्रोग्रामने पहिल्या जागेत वेग आणि दुसऱ्या जागेत वेळ भरली. संस्थेमार्फत विचारणा केली तेव्हा कंपनीचे उत्तर आले की सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या. झाल्याही असतील, कारण त्या इंग्रजी संदेशावर घेतलेल्या होत्या. आपल्या लेखकांनी नेमके तेच उत्तर तत्त्व म्हणून मांडावे, याचा मला संताप आला.

चाचणी फक्त त्या ओळी तपासते, ज्या चाचणीत प्रत्यक्ष चालतात. इशारे, त्रुटींचे संदेश, ‘फाइल उघडता आली नाही’ अशा ओळी एरवी महिनोन्महिने चालत नाहीत आणि चालतात तेव्हा नेमकी अडचणीची वेळ असते. फॉरमॅटच्या चुका सर्वांत जास्त टिकून राहतात त्या याच ओळींत. कंपायलरला मात्र ओळ चालवावी लागत नाही, ती वाचली की पुरते. म्हणूनच रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत जागा दोन आणि किंमत एकच दिली तर प्रोग्राम तयारच होत नाही. ओकॅमल भाषेत फॉरमॅटला स्वतःचा टाइप (किमतीचा प्रकार) असतो आणि आकड्याच्या जागी मजकूर दिला की कंपायलर तिथेच अडवतो. सी++20 मध्ये, म्हणजे सी++ भाषेच्या 2020 च्या आवृत्तीत, फॉरमॅटची सोय आली तेव्हा चूक प्रोग्राम चालतानाच कळत असे. 2021 मध्ये मानक समितीने ती तपासणी कंपाइल होतानाच व्हावी असा बदल मागाहून लागू केला. हे केवळ आवडीसाठी कोणी करत नाही. गो भाषेचा कंपायलर ही तपासणी करत नाही, तरीही 2018 च्या 1.10 आवृत्तीपासून चाचण्या सुरू करण्याची आज्ञा दिली की आधी ‘वेट’ हे साधन प्रिंटएफची (साच्यात किमती भरून मजकूर छापणाऱ्या फंक्शनची) फॉरमॅट स्ट्रिंग तपासते. चाचण्या पुरेशा असत्या तर त्यांच्याआधी हा पहारा बसवण्याचे कारण काय?

सी भाषेचे इतकी वर्षे काही अडले नाही, हे लेखातील वाक्यही मला पटत नाही. अडले म्हणूनच जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरमध्ये प्रिंटएफची तपासणी इशाऱ्याच्या रूपात घालावी लागली आणि तोही केवळ इशारा असल्यामुळे पुष्कळजण त्याकडे डोळेझाक करतात. बाहेरून आलेला मजकूरच फॉरमॅट म्हणून वापरला तर काय होते, हे 2021 मध्ये आयफोनवर दिसले: टक्केचिन्हे असलेल्या विशिष्ट नावाच्या वाय-फायला जोडणी करताच फोनचे वाय-फाय बंद पडत होते. रस्टचे फॉरमॅट मॅक्रो (साच्यात किमती भरणाऱ्या तयार सूचना) मुळात कोडमध्ये लिहिलेलीच स्ट्रिंग घेतात, त्यामुळे ही वाट त्यांच्यात बंद आहे.

पण याच नियमामुळे मराठीची पंचाईत होते आणि लेखकांनी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. अनुवादित वाक्ये बहुधा वेगळ्या फाइलमधून, प्रोग्राम चालू असताना येतात, तिथे कंपायलरची नजर पोहोचत नाही. शिवाय जागा रिकाम्या कंसांच्या असतील तर अदलाबदल कोणत्याच कंपायलरला कळणार नाही, कारण आकडा काय आणि मजकूर काय, दोन्ही छापता येतात. त्यासाठी जागांना ‘वेग’, ‘वेळ’ अशी नावे किंवा क्रमांक द्यावे लागतात आणि अनुवादाची फाइल मूळ वाक्याशी ताडून पाहावी लागते. गेटटेक्स्ट या अनुवादाच्या साधनात अशी तपासणी तयार आहे, एका आज्ञेचे काम आहे. मराठीत संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक प्रणालीच्या कंत्राटात ही अट असली पाहिजे आणि ती तपासणी चुकली तर प्रणाली पुढे जाताच कामा नये. समुद्रावर जाणाऱ्या माणसाने संदेशातला शब्दक्रम सुधारून वाचावा, ही अपेक्षा कोणी करू नये.

जाता जाता आणखी एक तक्रार. लेखात ‘सोबतच्या चौकटीतील उदाहरण पाहावे’ असे दोनदा म्हटले आहे. ती चौकट मुंबईच्या नातेवाइकांकडील अंकात आहे, आमच्या कोकण आवृत्तीत तिच्या जागी जाहिरात आहे. असे याआधीही झाले आहे. दापोली, गुहागर, मालवणकडची कितीतरी मुले आता संगणकाचे शिक्षण घेतात, ती आपली पुरवणी वाचतात आणि उदाहरणावाचून असा लेख त्यांच्या काही कामाचा नाही. येत्या रविवारी ती चौकट आमच्या आवृत्तीत छापावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी