पायरीवर बसलेला माणूस

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी सोप्यावर बसून तू मैत्रिणीला फोनवर म्हणालीस, "इथे बोलायलाच कोणी नाही गं. बुद्धिजीवी वर्गच नाही." पायरीवर आपले पाडेली, आपल्या माडांवर चढून नारळ उतरवणारे, चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि मुकाट्याने भाटात, माडांच्या बागेत गेले. घरात पाहुणे होते, म्हणून मी गप्प बसले. पण ते मनातून जात नाही.

तू शिकतेस त्या फ्रान्सच्या इतिहासातच हा शब्द कसा मोठा झाला ते बघ. ड्रायफस या ज्यू कॅप्टनला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली बेटावर डांबलं होतं. १३ जानेवारी १८९८ ला एमिल झोलाने राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्र लिहिलं. पाठोपाठ प्राध्यापकांनी, लेखकांनी फेरतपासणीच्या मागणीवर सह्या केल्या. विरोधकांनी 'इंटेलेक्च्युअल' म्हणून त्यांना हिणवलं, तर त्यांनी तेच नाव अभिमानाने लावलं. झोलाला शिक्षा झाली, इंग्लंडला पळावं लागलं. दुसऱ्यावरचा अन्याय स्वतःच्या अंगावर घेतला, म्हणून त्या शब्दाला मान मिळाला.

आपला मराठी शब्द मात्र मला खटकतो. बुद्धिजीवी, म्हणजे बुद्धीवर पोट भरणारा. समोर श्रमजीवी. जणू ज्याचे हात राबतात त्याला डोकंच नाही! त्यापेक्षा विचारवंत बरा, त्यात पोटाचा हिशेब नाही.

पाली आणि बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी आपल्या गोव्यातल्या साखवाळचे, जन्म १८७६ चा. शाळा थोडकीच. घरची नारळाची बागायत सांभाळताना 'बालबोध' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि पुढे घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथा घातला. हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाच्या संपादनाला बसले. हा मुलगा भाटात नारळ मोजत असताना तू साखवाळला गेली असतीस, तर तेव्हाही हेच म्हणाली असतीस का गं?

आपले पाडेली माडाखाली उभे राहून नुसते वर बघतात. "हो घोस आज, तो म्हयनोभर रावूं दी." उतरवलेला नारळ कानाशी हलवतात, आतलं पाणी ऐकतात आणि कालवणाचा कुठला, रोपाला ठेवायचा कुठला ते ठरवतात. मला इतक्या वर्षांत ते जमलेलं नाही.

दिवाळीला आलीस की एक सकाळ त्यांच्यासोबत भाटात जा. त्या दिवशी तुझ्यासाठी चार शहाळी त्यांनी विहिरीजवळ काढून ठेवली होती. तू गेल्यावर मला दिसली.

तुझी,
आई